पीसीपी रायफलची हवा हळूहळू कुठे जाते आणि ती कशी शोधायची

रात्री २०० बार (बार म्हणजे दाबाचं माप) भरून रायफल केसमध्ये ठेवली आणि सकाळी रेंजवर गेज, म्हणजे दाब दाखवणारी तबकडी, बघितलं तर १८७, असं झालं की पहिला विचार येतो की लीक आहे, आणि दुसरा विचार, जो जास्त नुकसान करतो, तो म्हणजे ॲलन की आण, खोलून बघू. माझं सांगणं असं आहे की खोलायचं सगळ्यात शेवटी. हळू होणारी गळती पान्याने सापडत नाही, ती गेज, घड्याळ आणि वही यांनी सापडते, आणि बऱ्याच वेळा तर सापडायला काही नसतंच.

मी इथे बोलतोय ते १० मीटरच्या मॅच रायफलबद्दल, म्हणजे पीसीपी, ज्यात हवा आधीच दाबून सिलिंडरमध्ये भरलेली असते. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ ला कैरोत वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली तो हाच इव्हेंट, आणि पुण्यात बालेवाडीला, कोल्हापुरात, पनवेलला कितीतरी मुलं रोज हेच करतात. रायफल लाखांत जाते, चांगला आर्मरर (बंदुका दुरुस्त करणारा) आपल्या गावात असेलच असं नाही, कुरिअरने पाठवायची तर प्रॅक्टिस बुडते, त्यामुळे बेसिक तपासणी आपल्याला आलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. (ब्रेक बॅरलवाल्या स्प्रिंग रायफलमध्ये हवा साठवलेलीच नसते, ती घोडा दाबल्यावर पिस्टनने तयार होते, त्यामुळे रात्रीत दाब उतरणं हा प्रकार तिथे नाही, तिथे ब्रीचचं, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाचं, वॉशर किंवा पिस्टन सील गेलं की वेग कमी होतो. तो वेगळा विषय.)

आधी हवेचा रस्ता समजून घ्या, कारण एकदा तो डोक्यात बसला की गळती कुठे असू शकते हे आपोआप कळतं. सिलिंडरच्या तोंडाशी एक छोटा पिनचा व्हॉल्व्ह असतो, सिलिंडर रायफलला फिरवून बसवला की तो दाबला जाऊन उघडतो. तिथून हवा रेग्युलेटरमध्ये येते. रेग्युलेटर २०० बारची हवा कमी करून एका ठरलेल्या दाबावर आणतो, तो दाब मॉडेलप्रमाणे वेगळा असतो. ही कमी दाबाची हवा एका छोट्या चेंबरमध्ये थांबते, तिच्यापुढे मेन व्हॉल्व्ह, ट्रिगर दाबला की हॅमर त्या व्हॉल्व्हवर आपटतो, तो क्षणभर उघडतो आणि हवा छर्ऱ्यामागे जाते. या रस्त्यात प्रत्येक जोडावर एक ओ-रिंग (रबराची गोल कडी) आहे, गेजच्या मागे एक सील आहे, आणि दोन-तीन ठिकाणी प्लास्टिकचा किंवा धातूचा व्हॉल्व्ह आपल्या सीटवर, म्हणजे टेकायच्या जागेवर, बसतो. हवा बाहेर पडायच्या जागा एवढ्याच. सिलिंडरच्या भिंतीतून ती जात नाही.

आता त्या १८७ बद्दल. हवा भरताना सिलिंडर गरम होतो हे हाताला लागतंच. समजा भरून झाल्यावर आतली हवा ४५ अंशावर होती आणि रात्री ती २५ वर आली, तर काहीही न गळता २०० चे १८७ होतात. हिशोब सोपा आहे, अंशांत २७३ मिळवायचे आणि त्या प्रमाणात दाब बदलतो, म्हणजे २०० गुणिले २९८ भागिले ३१८. लक्षात ठेवायला एवढं पुरे की २०० बारच्या आसपास ३ अंश उतरले की साधारण २ बार उतरतात. मे महिन्यात ३५ अंशाच्या घरातून एसी रेंजमध्ये २३ अंशात रायफल नेली तर तासाभरात ८ बार गेलेले दिसतील आणि घरी आल्यावर परत आलेले दिसतील. परत आलेली हवा म्हणजे गेलेलीच नव्हती. म्हणून नियम असा ठेवा, भरल्यावर दोन-तीन तास थांबून मगच पहिलं रीडिंग लिहायचं, पुढची सगळी रीडिंग त्याच खोलीत, त्याच वेळेला, आणि सोबत तापमान लिहायचं.

गेजचंही ऐका पण पूर्ण विश्वास ठेवू नका. सिलिंडरवरचं ते बटणाएवढं गेज ५-७ बार इकडेतिकडे दाखवू शकतं आणि काटा कधीकधी चिकटतो, त्यामुळे बघायच्या आधी नखाने हलकी टिचकी मारा. तुलना नेहमी त्याच गेजशी करा, भरायच्या पंपाचं गेज २०० म्हणतंय आणि रायफलचं १९२, याला लीक म्हणत नाहीत, ती दोन गेजची आपसातली भांडणं आहेत.

इतकं करूनही दाब दर दिवशी उतरतच असेल तर मग लीक आहे असं धरा, आणि आता पहिलं काम म्हणजे घर दोन भागात वाटून टाकणं. सिलिंडर रायफलपासून काढा आणि दोन्ही वेगळे ठेवा. दोन-तीन दिवसांनी सिलिंडरचा दाब तसाच असेल तर सिलिंडर, त्याचं गेज आणि त्याचा पिन व्हॉल्व्ह हे तिन्ही निर्दोष, गळती रायफलमध्ये किंवा दोघांच्या मधल्या जोडावर. सिलिंडर एकटा असतानाही उतरत असेल तर रायफलला हातच लावायचा नाही. फक्त एवढ्या एका टेस्टने अर्धं काम संपतं, आणि आश्चर्य वाटतं की लोक हीच पायरी गाळतात. घरात किंवा क्लबमध्ये दुसरा चांगला सिलिंडर असेल, त्याच मॉडेलचा, तर तो बसवून उलटी टेस्टही होते.

सिलिंडर एकटा तपासायची अजून एक पद्धत आहे जी मला सगळ्यात जास्त आवडते कारण तिला तापमानाशी देणंघेणं नाही, ती म्हणजे वजन. हवेला वजन असतं. समजा सिलिंडर २०० सीसीचा आहे, २०० बारला त्यात साधारण ४० लिटर मोकळी हवा मावते, आणि एक लिटर हवा म्हणजे सुमारे १.२ ग्रॅम, म्हणजे आत जवळजवळ ४८ ग्रॅम हवा आहे. १० बार गेले तर सुमारे २.४ ग्रॅम कमी होतात. ०.१ ग्रॅम दाखवणारा एक किलोपर्यंतचा डिजिटल काटा महाग नसतो, त्यावर आज सिलिंडर ठेवा, आकडा लिहा, चार दिवसांनी परत ठेवा. गेज खाली आणि वजन तेवढंच, तर थंडीचा खेळ. वजनही उतरलं, तर हवा खरंच गेली. फक्त मधल्या काळात सिलिंडरला ग्रीस, साबण, धूळ लागू देऊ नका, आणि वजन करायच्या आधी कोरडा पुसून घ्या.

आता गळतीची जागा. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर बघतात तसंच तत्त्व आहे, बुडबुडे बघायचे, पण इथे धीर जास्त लागतो आणि का लागतो ते आकड्यातच बघा. २०० सीसीच्या सिलिंडरमधून दिवसाला १० बार जात असतील तर ती २ लिटर मोकळी हवा झाली, म्हणजे मिनिटाला साधारण १.४ सीसी. ३ मिलिमीटरचा एक बुडबुडा पकडला तर मिनिटाला शंभरेक बुडबुडे, हे लगेच दिसतं. पण हेच १० बार महिन्याभरात जात असतील तर मिनिटाला जेमतेम तीन बुडबुडे. साबण लावून दहा सेकंद बघितलं आणि काही नाही म्हणून पुढे गेलं तर ही गळती कधीच सापडणार नाही. एकेका जोडावर पाच-दहा मिनिटं डोळे लावून बसायचं, टॉर्च तिरकी मारायची, आणि चष्मा असेल तर घालायचा.

पाणी म्हणाल तर साध्या पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे थोडे थेंब, आणि जमलं तर थोडं ग्लिसरीन, त्याने फेस लवकर फुटत नाही. ढवळून आधीचा फेस बसू द्या नाहीतर आपणच केलेले बुडबुडे मोजत बसाल. बारीक ब्रशने लावायचं, स्प्रेने उडवायचं नाही. लावायच्या जागा म्हणजे सिलिंडर आणि रायफलचा जोड, गेजचा बुंधा, फिलिंगचं तोंड (त्यात एकच थेंब, तोंड वर करून), सिलिंडरच्या दुसऱ्या टोकाचा प्लग असेल तर तो, आणि रेग्युलेटरच्या बाजूचं ते बारीक भोक. ट्रिगर, डायॉप्टर (नेम धरायची मागची साइट), गेजची काच यांच्यापासून साबण लांब ठेवा, आणि काम झाल्यावर सगळं पुसून पूर्ण सुकवा, कारण साबणाचं पाणी स्टीलला गंज आणतं आणि पावसाळ्यात तर एका रात्रीत आणतं. सिलिंडर एकटाच गळतोय हे नक्की असेल तर त्याचं पिन व्हॉल्व्हवालं तोंड तेवढं वर करून साबणाचा थेंब टाका, पूर्ण सिलिंडर बादलीत बुडवायची गरज नाही आणि गेज बुडवायचं तर अजिबात नाही.

रेग्युलेटरच्या त्या बारीक भोकाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण ते दिसलं की लोक घाबरतात किंवा, याहून वाईट, ते बुजवतात. रेग्युलेटरमधल्या पिस्टनच्या एका बाजूला बाहेरच्या हवेचा दाब लागतो, त्याशिवाय तो ठरलेला दाब राखू शकत नाही, म्हणून ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून काहीच यायला नको. तिथे बुडबुडा आला तर आतल्या पिस्टनची ओ-रिंग झिजलीय, उपचार ओ-रिंग बदलणं. भोकात ग्रीस, टेप, फेव्हिक्विक भरलं तर हवा आत अडकते आणि रेग्युलेटरचा दाब भलतीकडे जातो.

बाहेर कुठेच बुडबुडा नाही आणि दाब तर उतरतोय, मग हवा नळीतून जातेय का बघा. म्हणजे मेन व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) उघडून नळीत छर्रा नाही याची डोळ्यांनी खात्री करा, रायफल ड्राय फायर मोडला (ट्रिगर दाबला तरी हवा सुटत नाही तो मोड) ठेवा, तोंड सुरक्षित दिशेला, मग बोल्ट बंद करून नळीच्या तोंडाला पातळ हातमोज्याचं एक बोट रबरबँडने घट्ट लावा आणि दोन-तीन तास बघू नका. परत आल्यावर ते बोट उभं राहिलेलं असेल तर उत्तर मिळालं. उभं नसेल तर मात्र मेन व्हॉल्व्ह चांगलाच आहे असं ठामपणे म्हणू नका, कारण हवा बोल्टच्या सीलवरून मागेही निघून जाऊ शकते, तिथेही एक साबणाचा थेंब लावून बघायचा.

मेन व्हॉल्व्हच्या गळतीत एक चांगली गोष्ट अशी की बऱ्याचदा दोष फक्त सीटवर अडकलेल्या कणाचा असतो. पंपातून आलेला धातूचा कीस, सिलिंडरच्या तोंडातली धूळ, असं काही. सिलिंडर पूर्ण भरून, रेंजवर टार्गेटकडे तोंड करून, चार-पाच शॉट मारले तर हवेच्या झोतानेच कण निघून जातो आणि गळती थांबते. पण थांबली नाही तर सीट घासणं, पॉलिश पेपर मारणं हे घरी करू नका. तो व्हॉल्व्ह साध्या नजरेला न दिसणाऱ्या फरकावर चालतो, हे काम आर्मररचं.

एक गळती अशी आहे जी गेजवर दिसतच नाही, ती आतल्या आत होते. रेग्युलेटरची सीट खराब झाली की २०० बारची बाजू हळूहळू कमी दाबाच्या बाजूत झिरपते. रायफल काही मिनिटं नुसती ठेवली की चेंबरचा दाब ठरल्यापेक्षा वर चढतो आणि ब्रेकनंतरचा पहिला शॉट बाकीच्यांपेक्षा वेगळा जातो, पुढचे परत ठीक. १० मीटरच्या रायफल टार्गेटवर १० चा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असतो, तिथे हे चालत नाही, आणि पोरगं बिचारं आपली पोझिशन, श्वास, सगळं तपासत बसतं. क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) मिळाला तर लागोपाठ पाच शॉटचे वेग घ्या, मग दहा मिनिटं थांबून एक, थांबल्यानंतरच्या त्या शॉटचा वेग प्रत्येक वेळी बाकीच्यांपेक्षा वेगळा येत असेल तर रेग्युलेटर. उलट बाजूला, साधी बाहेरची हळू गळती स्कोअरवर लगेच काहीच परिणाम करत नाही, कारण सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या दाबाच्या वर आहे तोपर्यंत छर्ऱ्याचा वेग तोच राहतो. म्हणूनच ती महिनोन् महिने लपून राहते आणि नेमकं ६० शॉटच्या मॅचच्या शेवटच्या सिरीजला हवा संपते.

अजून एक नेहमी गोंधळात टाकणारा प्रकार. काही रायफली २०० ला ठणठणीत असतात आणि १०० च्या खाली गेल्या की गळतात. लोकांना हे उलटं वाटतं. पण ओ-रिंग चालतेच अशी की हवेचा दाबच तिला खाचेच्या कोपऱ्यात ढकलतो आणि ती तिथे घट्ट बसते, दाब जास्त तर पकड जास्त. रिंग जुनी होऊन चपटी झाली असेल तर जास्त दाबाला ती ओढूनताणून बसते आणि कमी दाबाला तिच्यात स्वतःची उसळीच उरलेली नसते. तेव्हा दाब कुठल्या आकड्याला वेगाने उतरायला लागतो आणि कुठे थांबतो हे वहीत लिहिलेलं असेल तर आर्मररला फोनवर सांगूनसुद्धा अर्धं निदान होतं.

आता खोलायची वेळ आलीच तर, हे नीट वाचा. ३० मिलिमीटर व्यासाच्या प्लगवर २०० बारचा दाब म्हणजे सुमारे १४०० किलोचा जोर. तो आट्यांवर अडलेला असतो. शेवटचा आटा सुटला की प्लग गोळीसारखा येतो. म्हणून आधी सगळी हवा काढायची, बहुतेक मॅच रायफलींबरोबर सिलिंडर रिकामा करायचा छोटा अडॅप्टर येतो, तो लावून हळूहळू, एकदम नाही, कारण २०० बारला रबरात हवा मुरलेली असते आणि झटक्यात दाब काढला तर ती आतून फुगून रिंगला फोड आणते. सिलिंडर काढला तरी रायफलमधल्या चेंबरमध्ये हवा उरते, तिच्यासाठी सुरक्षित दिशेला फुसका आवाजसुद्धा यायचा बंद होईपर्यंत शॉट मारायचे. गेज शून्य दाखवतंय एवढ्यावर भागवू नका, काटा अडकलेला असू शकतो. आणि कुठलाही जोड हाताला वाटतो त्यापेक्षा जड फिरतोय तर थांबा, आत दाब आहे. सिलिंडरचा स्वतःचा पिन व्हॉल्व्ह आणि गेज घरी खोलू नये असं माझं ठाम मत आहे, तो सिलिंडर कंपनीकडे किंवा सर्व्हिस सेंटरलाच जाऊ दे. घरी करण्यासारखं काम म्हणजे जोडावरची बाहेरून दिसणारी ओ-रिंग, ज्यामुळे तशाही बऱ्याच गळत्या होतात.

जुनी रिंग लाकडी टूथपिकने किंवा प्लास्टिकच्या टोकाने काढा. सुईने काढलीत तर खाचेत चरा पडतो आणि मग नवी रिंगसुद्धा गळते. काढलेली रिंग भिंगाखाली बघा, चपटी झालीय, एका जागी कापलीय, की खडबडीत, त्यावरून कारण कळतं, कापलेली असेल तर आट्याच्या धारेने किंवा भोकाच्या कडेने कापली असणार आणि ती कड तशीच राहिली तर नवी पण कापेल. साइझ म्हणजे आतला व्यास आणि रबराची जाडी, दोन्ही लागतात, आणि तिसरी गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे कडकपणा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी साधी नायट्राइल रिंग बहुतेक ७० शोअरची (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) असते, २०० बारला मऊ रबर फटीतून पिळून बाहेर येतं, म्हणून इथे ९० शोअरची किंवा कंपनीने सांगितलेली पॉलियुरेथेनची घ्यायची. कंपनीचा सील किट मिळत असेल तर पाच-पन्नास रुपये वाचवायच्या भानगडीत पडू नका.

खाच कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, रिंगला शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा इतका पातळ हात द्या की ती फक्त चमकली पाहिजे, आट्यांवरून सरकवताना आट्यांना कागदाची पट्टी गुंडाळा म्हणजे रिंग कापणार नाही, आणि हाताने घट्ट बसवा. पान्याने आवळून गळती थांबत नाही, सील रिंग करते, आटे करत नाहीत. टेफ्लॉन टेपही नको, तिचे तुकडे आत जाऊन व्हॉल्व्हवर बसतात. शिलाई मशीनचं तेल, डब्ल्यूडी-४०, गाडीचं ग्रीस यातलं काहीही दाबाच्या बाजूला लावू नका, दाबलेल्या हवेत पेट्रोलियमचं तेल पेट घेऊ शकतं. आणि सिलिंडरमध्ये फक्त हवा, मेडिकल किंवा वेल्डिंगचा ऑक्सिजन कधीही नाही, तिथे ग्रीसचा ठिपकासुद्धा स्फोटाला पुरतो.

परत भरताना एका दमात २०० नको. आधी ५० बार, साबण. मग १००, साबण. मग पूर्ण, आणि पुन्हा तीच वही, तीच खोली, दोन-तीन दिवस.

गळती परत परत होत असेल तर भरायची हवा तपासा. हँडपंपने भरणाऱ्यांच्या रायफलीत, त्यातून कोकणात किंवा मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत, पाणी जातं, पाण्याने गंज, गंजाचा कण सीटवर, आणि पुन्हा गळती. पंपाला ड्रायर फिल्टर लावा, त्यातले दाणे ओले झाले की बदला, किंवा क्लबच्या डायव्हिंग सिलिंडरवरून कोरडी हवा घ्या आणि भरताना कॉक सावकाश उघडा. मॅचसाठी विमानाने जाताना सिलिंडर रिकामा करावा लागतो, तेव्हा रिकाम्या सिलिंडरच्या तोंडाला टोपी लावा, पोचल्यावर भरायच्या आधी जोडाची रिंग पुसा, बाहेरगावी अचानक सुरू झालेल्या गळत्या बऱ्याचदा एवढ्यानेच थांबतात. घरी बरेच दिवस ठेवायची तर पूर्ण रिकामी न ठेवता थोडा दाब राहू द्या, १०० बारच्या आसपास, रिंगा जागेवर राहतात आणि दमट हवा आत शिरत नाही.

आणि हे सगळं करताना सिलिंडर हातात आहेच तर त्याच्यावर कोरलेली तारीख वाचा. मॅच सिलिंडरना मुदत असते, बऱ्याच कंपन्यांची १० वर्षं, आणि ती संपली नाही ना हे बघणं नियमाप्रमाणे नेमबाजाची जबाबदारी आहे. सेकंडहँड रायफल घेताना तर सगळ्यात आधी ही तारीख, कारण मुदत संपलेल्या सिलिंडरची गळती शोधायची नसते, तो बाजूला काढायचा असतो, मग तो कितीही घट्ट दाब धरत असला तरी.